मधली भिंत

पुंडलिकनगरच्या मागच्या बाजूला, नाल्याकाठी आमची वस्ती होती. वडील कामासाठी वैजापूरकडून शहरात आले आणि तिथं त्यांनी पत्र्याची खोली उभी केली. शेजारी गाद्या भरणारे एक चाचा राहायचे. एका पावसाळ्यात त्यांच्या मोरीचं पाणी आमच्या दारात तुंबलं, शब्दाला शब्द लागला, आणि तेव्हापासून दोघांनी बोलणं टाकलं. आई आणि चाचींचं मात्र चालूच राहिलं.

मी गुलमंडीतल्या कापडाच्या दुकानात कामाला लागले, त्या सुमारास आमच्या वस्तीला महापालिकेचं घरकुल मंजूर झालं. आहे त्याच जागेवर पक्कं घर बांधायचं होतं. मोजणीला आलेल्या इंजिनीअर बाई म्हणाल्या, "जागा अरुंद आहे. दोन वेगळ्या भिंती घेतल्या तर आत खाटसुद्धा मावायची नाही. मधली भिंत सामाईक घ्या. पण दोघांचीही संमती लागेल."

"मग ऱ्हाऊ द्या," वडील म्हणाले. "आमचे पत्रे बरे हायत."

चाचा दारातच उभे होते. तेही पाठ फिरवून आत गेले.

संध्याकाळी आईनं भाकरी थापता थापताच विषय काढला. "वावधान सुटलं की पत्रा धरून कोण बसतं? तुमी कामावर असता. तुमची अढी तुमी ठेवा. मला भिंत पाहिजे."

चाचीही घरी असंच काही बोलल्या असाव्यात. दुसऱ्या दिवशी चाचा आमच्या दाराशी आले. वडील समोरच बसले होते, पण चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "बेटा, अब्बा को बोल, दीवार एकीच रखेंगे. मेरे को चलता."

वडीलही माझ्याकडे बघत म्हणाले, "त्यांना सांग, व्हय म्हणावं."

दोघांनाही सगळं ऐकू आलं होतं. मी काय सांगणार? हसू दाबत उभी राहिले.

बांधकाम सुरू झालं. आम्ही वस्तीतच एका ओळखीच्यांकडे राहिलो, चाचांचं कुटुंब दूर नातेवाइकांकडे गेलं. नळाला पाणी यायचं ते दिवसाआड नाही, त्याहूनही उशिरानं. तरी भिंतीवर पाणी मारणं चुकवून चालत नव्हतं. वडील कामावर जाण्याआधी ड्रममधलं पाणी आमच्या बाजूनं मारायचे. चाचांची बाजू कोरडीच राहायची. दोन-तीन दिवस वडिलांनी ते पाहिलं. मग तिकडूनही पाणी मारू लागले. आई गालात हसली तशी चिडून म्हणाले, "भिंत काय अर्धी अर्धी असती व्हय?"

एके सकाळी चाचा सायकलला पाण्याचे कॅन लटकवून आले. आपली बाजू ओली बघून थबकले. मग त्यांनी कॅन आमच्या ड्रममध्ये रिकामे केले.

"थांबा, चहा होतोय," वडील म्हणाले. या वेळी थेट त्यांनाच.

ते दोघे जिवलग मित्र झाले नाहीत. मोरीचा विषय तर कुणीच परत काढला नाही. पण घरं झाल्यावर एक रीत पडली. भिंतीत खिळा ठोकायचा असला की आधी पलीकडे हाक द्यायची, म्हणजे तिकडचं कुणी टेकून बसलं असेल तर ते सरकेल. लग्नानंतर मी फ्लॅटमध्ये राहायला आले. पहिल्याच आठवड्यात हातोडी घेतली आणि सवयीनं भिंतीकडे तोंड करून हाक दिली. पलीकडे कोण राहतं, हे मला तेव्हा ठाऊकही नव्हतं.