मास्तरांचे पाठीमागचे हात

कान इकडं दे गं. नातीच्या लग्नाला आली नाहीस, वर फोनही नाय! लग्नाच्या आदल्या दिवशी आमची पिठाची गिरणी बंद पडली. भाकऱ्यांचे तांदूळ तसेच पडून. निरोप धाडला, तर साजगावच्या शाळेचे यंत्रकामाचे मास्तर नववीच्या पोरी घेऊन आले. नाव विचारायचं राहिलंच. त्यांनी स्वतःचे हात पाठीमागं धरलेले. एका पोरीनं मोटारीचं बेअरिंग बदललं, वायरी जोडल्या. बटण दाबलं, तर गिरणी उलटी फिरली! सगळे हसले.

मी म्हटलं, "मास्तर, आता तुमीच हात लावा."

"माझे हात शिकलेले हायत. तिचे शिकतायत."

पोरीनं वीज बंद केली, विचार करून दोन वायरींची अदलाबदल केली. गिरणी सरळ धडधडली! मास्तरांचे हात सुटले, ते टाळ्या वाजवायला. त्याच गिरणीच्या पिठाची भाकरी खायला लवकर ये गं.