बाबांची पिकदाणी

दुपारी तीनचा सुमार. व्हिस्की आयात करणाऱ्या कंपनीच्या चाखणीच्या खोलीत इरावती टिपणीस बसली आहे. समोर ग्लासात स्कॉटलंडहून आलेल्या सिंगल माल्टचा नमुना, शेजारी पितळेची पिकदाणी. हुंगायचं, जिभेवर घोळवायचं, थुंकायचं, गुण लिहायचे. दर नमुन्यानंतर पिकदाणी धुऊन पुसायची. अकरा वर्षांत तिने एक थेंब गिळलेला नाही. सकाळपासूनचा हा नववा नमुना. पापण्या जड होतात.

"पाणी दोनच थेंब घाल गं," बाबा म्हणतात.

बाबा चार वर्षांपूर्वी लिव्हर निकामी होऊन गेले. तेही याच खोलीत चाखायचे. थुंकायला त्यांनीच तिला शिकवलं. आणि स्वतः? जन्मभर गुपचूप गिळत राहिले. आता इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसलेत, जसं काही घडलंच नाही! इरावतीच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

"वास कसला येतोय?" ते ग्लास उचलतात.

"धूर. ओलं गोणपाट. भाजलेलं सफरचंद."

"आणि?"

"स्पिरिट. तुमच्या वॉर्डातलं."

खोलीला आता वॉर्डातले हिरवे पडदे आहेत. सलाइनच्या बाटलीतून सोनेरी थेंब पडताहेत. बाबांच्या पलंगाच्या पायथ्याशी आई मेथी निवडत बसलीय, मान वर न करता. बाबा घोट घेतात, घोळवतात. त्यांचा कंठमणी हलतो.

"थुंका!"

"शेवटची चव घशातच कळते, इरू."

"खोटं बोलू नका! मला शिकवलंत ना? मग स्वतः का नाही थुंकलात? डोळे पिवळे झाले तरी आम्हांला सांगत होतात, साधी कावीळ आहे!"

"चुकलंच माझं," म्हणत ते ग्लास पुन्हा ओठांना लावतात.

माफी मागता मागता! निर्लज्जपणाची हद्द झाली. इरावती ग्लास हिसकावते. या माणसाला आता एक थेंबही मिळू द्यायचा नाही. उरलेलं सगळं ती स्वतःच्या तोंडात ओतते.

बाबा धडपडत उठतात, पिकदाणी तिच्या हनुवटीखाली धरतात.

"थुंक, इरू. थुंक गं बाळा, पाया पडतो तुझ्या."

दारावर टकटक होते. "मॅडम, नवव्याचे गुण झाले का?"

इरावती डोळे उघडते. साडेतीन वाजलेत. ग्लास रिकामा आहे. ती पिकदाणी ओढून आत बोट फिरवते. ठणठणीत कोरडी.

घशात हळूहळू जळक्या गुळाची चव उमटते. जिभेवर ती मुळीच नव्हती. बाबा एवढं एक तरी खरं बोलले होते, आणि त्याचाच तिला सगळ्यांत जास्त राग येतो.