डाव्या अंगठ्याची मशीन

शहाऐंशी सालच्या तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, माझ्या मामावर अन्याय झाला. ज्याच्या हातचा खण चंद्रपुरापासून भामरागडापर्यंत कोणत्याही पावसाळ्यात फुगून अडकत नाही, त्या सुताराला प्रशिक्षण केंद्रातल्या साहेबांनी नव्या राउटरजवळून उठवलं. राउटर म्हणजे दोन हातांनी धरायची, गरगरत्या पात्याने लाकूड कोरणारी मशीन. "प्रमाणपत्र आहे का?" साहेबांनी विचारलं. मामाने दोन्ही तळवे पुढे केले. साहेबांनी तळव्यांकडे पाहिलंच नाही, मशीनवर फडकं टाकलं.

मामा तिथे हौसेने गेला नव्हता. विहारातल्या वाचनालयासाठी चोवीस खणांचं कपाट त्याने कबूल केलं होतं आणि तीस वर्षं पटाशी धरून उजवा अंगठा ऐन वेळी सुन्न पडला होता. खिळे ठोकून खण जोडणं मामाच्या लेखी लबाडी. कबुतराच्या शेपटीसारखे दात कापून एकमेकांत अडकवायचे, तोच जोड. आता ते हाताने कापता येईनात, म्हणून मशीन शिकायची होती. मी तापलो. निषेधाचं पत्रक काढून गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला. मामाने एक ओळ वाचली नाही, कागद उलटा केला आणि पेन्सिलीने मापं काढू लागला. "बापू, तुह्या कागदाची मांगची बाजू लय कामाची आहे," म्हणाला. माझ्या लिखाणाचं इतकं प्रामाणिक परीक्षण आजवर कोणी केलेलं नाही.

मामाचं सगळंच उलटं. लोक आधी मशीन घेतात, मग तिच्या बेताचा साचा. मामाने साचाच, म्हणजे मशीनच्या पात्याला दातांची वाट दाखवणारी लाकडी फणीच, आधी केला. फडकं पडायच्या आत पात्याभोवतीच्या कड्याचं माप त्याने डोळ्यांनी घेऊन ठेवलं होतं. बिजाच्या लाकडाची ती मोठी फणी दोन टॉवेलांत गुंडाळून तो स्वतःची मशीन घ्यायला माझ्यासोबत नागपूरच्या एसटीत बसला, तेव्हा मामी दारातून म्हणाली, "मले कधी इतकं जपून नेलं काय माहेरी?"

दुकानांत मामा मशीन सुरूच करू देईना. बंद मशीन साच्यावर ठेवायची, डोळे मिटायचे, हलवून बघायची, मग डाव्या अंगठ्याने बटण दाबायचं. खट. पुन्हा खट. पहिला दुकानदार वैतागला, "भाऊ, घरी लाइटचं बटन नाई काय?" दुसऱ्याने सगळ्यात मोठं धूड काढलं, "दोन हॉर्सपॉवर! आंख मूंदके घ्या." मामा म्हणाला, "काऊन? मले विहीर उपसाची आहे काय?" मी दोन्हीकडे ग्राहकाच्या हक्कांवर बोलायला तोंड उघडलं. दोन्हीकडे मामाने माझ्या हातात टॉवेल दिले.

तिसऱ्या दुकानात कोपऱ्यात एक लहानशी मशीन होती. तिचा तळ रुंद, साच्यावर ठेवली तर झुकेना. कडं फटीत शिरलं ते मापून केल्यासारखं. आणि बटण बरोबर डाव्या अंगठ्याखाली. मामाने या वेळी डोळे मिटले ते लवकर उघडलेच नाहीत. "हेच," म्हणाला.

पहिले तीन खण फुकट गेले. पातं मधेच उचललं की दात फाटतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणारी मशीन फडक्याखाली होती. त्यानंतरचे चोवीस आज विहारात आहेत. मामा संध्याकाळी तिथे जाऊन बसतो, वाचत नाही. कोणी खण ओढला की मान कलती करून ऐकतो. हल्ली डाव्या अंगठ्यालाही तेल चोळतो. परवा म्हणाला, "हा बी गेला तर काय? पन कोणाले तरी शिकवून जाऊ दे."

केंद्रातल्या मशीनवर ते फडकं अजून तसंच आहे. म्हणून सांगतो: येत्या सोमवारी, सकाळी अकराला, केंद्राच्या दारात या. साहेबांना म्हणा, फडकं काढा आणि या माणसाला शिकवू द्या. आणि येताना हे पत्रक आणा. मागची बाजू मुद्दाम कोरी ठेवली आहे. मामाला लागेल.