पडणाऱ्यांची कॅसेट

आमच्या वडिलांना माणूस पडलेला फार आवडायचा. कोपरगावजवळच्या साखर कारखान्यात ते फिटर होते. जुन्या मुक्या विनोदी फिल्मांची एक कॅसेट त्यांनी जिवापाड जपली होती. केळीच्या सालीवरून घसरणारा लठ्ठ, शिडीवरून कोसळणारा रंगारी. वडील मांडी थोपटून हसायचे. कॅसेटच्या शेवटी एक शांत फिल्म होती. तीत एक माणूस भर पावसात आपली छत्री कुत्र्यावर धरून बसतो. ताईला तेवढीच आवडायची.

"ह्यात हसायचं कुठं?" वडील म्हणायचे.

"तुमच्या त्या पडणाऱ्याला लागत असंल की, आप्पा."

ताईचा डावा पाय जन्मतः आखूड, त्यामुळे या विषयात तिच्या मताला घरात किंमत नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिला बघायला राहुरीकडचे पाहुणे आले. अशा वेळी मुलीला चालून दाखवायला सांगत, आणि ताईची आधीची स्थळं तिथंच मोडली होती. वडिलांनी अक्कल लढवली. पाहुणे हसण्यात गुंगले की पायाकडे कोण बघतंय, म्हणून भाड्याचा व्हीसीआर आणून त्यांनी कॅसेट लावली. आई नको म्हणाली. आईचं आमच्याकडे कोण ऐकतं!

पाहुणे खरंच हसले. मुलाच्या मामांच्या बशीतले पोहे सांडले. मुलगा तेवढा मख्ख बसून होता.

"पोरगं ठोंब्या दिसतंय," वडील आईच्या कानात म्हणाले.

मग मुलाची आई डोळे पुसत म्हणाली, "जरा चालून दाखव गं बाई."

टीव्ही बंद करायचं कुणाला सुचलं नाही. पडद्यावर रंगारी लंगडत पळत होता, आणि त्याच्यासमोरून ताई चालली. मामांना आवरलं नाही. मग सगळी खोली हसली. त्यात सगळ्यांत मोठा आवाज आमच्या वडिलांचा होता. भानावर आले तेव्हाही त्यांचा हात मांडीवरच होता. मी त्यांना माफ केलेलं नाही, करणारही नाही.

आठवड्यानं होकार आला. आता वडीलच अडून बसले.

"ज्याला हसता येईना, त्याच्यासंगं जन्म काढणार व्हय तू?"

ताई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"न हसणारा तो एकटाच हुता, आप्पा. तुमी हसलात."

कन्यादानाला आईवडील जोडीनं बसतात. ताईनं काका-काकूंना बसवलं. वडील नवं धोतर नेसून मांडवाच्या खांबापाशी उभे राहिले, आणि गुरुजींनी त्यांना जरा बाजूला सरकायला सांगितलं.