पाठमोरे बाबा

कॅप्टन म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी सांगते, सगळ्यात जास्त ओरडणारी बाई. दंडावर पट्टी बांधायची, नाणेफेकीला जायचं आणि हरल्यावर माईकपुढे उभं राहून "आम्ही शिकतोय" असं म्हणायचं. हे शेवटचं काम मी फार केलं. सिंगापूरच्या मुलींची राष्ट्रीय फुटबॉल टीम! केवढंसं आमचं बेट आणि समोर येणारे देश केवढे. बरेचदा सपाटून मार खाल्ला, पण खोटं कशाला बोलू, मजा आली. दिवसा विमा कंपनीत नोकरी, संध्याकाळी सराव. रजा मागायला गेलं की साहेबांचा ठरलेला प्रश्न, "आपल्याकडे मुलींची टीम आहे?" मी म्हणायचे, "आहे ना, आणि तिची कॅप्टन तुमच्यासमोर उभी आहे." रजा मिळायची.

इथली प्रत्येक मॅच बघायला आई यायची, बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन. जिंकलो तरी लाडू, हरलो तरी लाडू. आमची चिनी गोलकीपर मैदानात उतरण्याआधी स्टँडकडे बघून "आंटी, लाडू गॉट?" एवढं विचारून घ्यायची आणि मगच ग्लोव्हज चढवायची. बाबा मात्र येत नसत. तुआसच्या एका कारखान्यात ते इंजिनिअर. कधी शिफ्ट, कधी मशीन बंद पडलेलं, कधी कुणी साहेब तपासणीला आलेला. मी ते खरं मानत आले. वाईट वाटायचं, नाही असं नाही. बाकीच्या पोरींचे बाप झेंडे घेऊन नाचायचे. मी स्वतःची समजूत घालायचे की असतात काही माणसं, ज्यांना फुटबॉल आवडत नाही.

मग गुडघा कुरकुरायला लागला आणि मी ठरवलं की आता पुरे. शेवटची मॅच इथेच होती, शनिवारी संध्याकाळी. क्लेमेंटीच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवताना मी म्हटलं, "बाबा, या वेळी तरी या."

"शनिवारी? शनिवारी माझी शिफ्ट..."

"बाबा, तुम्ही रिटायर झालात!"

आईला असा ठसका लागला की मला पाणी द्यावं लागलं. हसू आवरल्यावर तिने सगळंच फोडलं. "अगं, शिफ्ट कसली नि मशीन कसलं! तुझी मॅच असली की हे खाली व्हॉइड डेकवर, बिल्डिंगच्या त्या मोकळ्या तळमजल्यात जाऊन दगडी बाकावर बसतात. मोबाइल घरी ठेवून. संपली असं मी येऊन सांगितलं की मग वर येतात."

"का पण?"

बाबा ताटातल्या भाताकडे बघत म्हणाले, "मी आलो की तू हरतेस."

मी घास तसाच धरून बसले. हे कुणी बोलावं? आमच्या घरात बुद्धवंदना होते. पण नवस नाही, गंडा-दोरा नाही, लिंबू-मिरची तर दाराच्या आसपाससुद्धा फिरकलेली नाही. शाळेत असताना माझं मनगट मोडलं, तेव्हा ओळखीच्या एक मावशी म्हणाल्या, "पोरीची दृष्ट काढा हो." बाबांनी त्या बाईंना चहा दिला आणि चहा थंड होईपर्यंत कार्यकारणभाव समजावून सांगितला. बाई पुन्हा आल्या नाहीत. आणि तेच बाबा आता स्वतःला पांढऱ्या पायाचे समजत होते!

"दोनदा आलो," ते म्हणाले. "एकदा तुझं मनगट मोडलं. दुसऱ्यांदा देशासाठी तुझी पहिली मॅच. किती गोल खाल्ले होते?"

"त्याचं काय! तुम्ही न येताही आम्ही हरतोच की! तेव्हा कुणामुळे हरलो? बाकामुळे?"

"मी आलो असतो तर तुम्ही आणखी हरला असतात."

"अहो, इंजिनिअर ना तुम्ही?"

"म्हणूनच. जोखीम कशाला घ्यायची?"

आता या माणसाला काय म्हणावं! हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग हसू थांबलं तरी पाणी थांबेना. इतकी वर्षं माझा बाप माझ्यासाठी खाली डास मारत बसला होता, आणि मी त्याला फुटबॉल आवडत नाही असं धरून चालले होते. मी सरळ सांगितलं, "बाबा, मला जिंकायचं नाहीये. म्हणजे जिंकायचं आहेच, पण दंडावर पट्टी बांधून मी खेळते ते तुम्ही एकदा डोळ्यांनी बघायला हवंय. शनिवार गेला की संपलं. पुन्हा नाही."

बाबांनी कालवलेला भात पुन्हा कालवला. मग म्हणाले, "कोपऱ्यात बसेन."

शनिवारी ते आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, भांग चापून पाडलेला, मुलाखतीला निघाल्यासारखे. स्टँडमध्ये गर्दी अशी नव्हतीच. आमच्या मॅचला तिसऱ्या रांगेत कुणी खोकलं तरी मैदानात ऐकू येतं. राष्ट्रगीत म्हणताना माझा डोळा कोपऱ्यावर. आई डबा मांडीवर घेऊन आणि शेजारी बाबा, हाताची घडी घालून ताठ.

काय खेळलो आम्ही त्या दिवशी! पहिला गोल आमचा. आई उभी राहून ओरडली, बाबा खुर्चीचा दांडा धरून बसले. मग दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या टीमचा गोल झाला. मी वर बघितलं तर बाबांची खुर्ची रिकामी. मग दिसले. सगळ्यात वरच्या पायरीवर, मैदानाकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभे होते.

मॅच संपत आली आणि आम्हाला पेनल्टी मिळाली. मारणार अर्थात मी. बॉल ठेवला. रेफरीबाई पोरींना मागे सारत होत्या. मी पुन्हा वर बघितलं. पाठ! अशी तिडीक गेली डोक्यात.

"बाबा!" मी ओरडले. "इकडे तोंड करा! नाहीतर मी मारणार नाही!"

मग दुसऱ्या टोकाकडून आमच्या गोलकीपरचा आवाज आला, "अंकल, टर्न अराउंड लाह!" झालं. सगळ्या पोरी सुरू झाल्या, मग स्टँडमधले लोकही. अंकल! अंकल! रेफरीबाईंनी शिट्टी मारली. मी हलले नाही. पुन्हा मारली, मग शांतपणे मला पिवळं कार्ड दाखवलं. शेवटच्या मॅचमध्ये कार्ड मिळालं, तेही वडिलांना हाक मारल्याबद्दल! शेवटी आई डबा घेऊन वर गेली, खांद्याला धरून त्यांना गर्रकन वळवलं आणि धरूनच ठेवलं. चिडले की बाबांची नागपुरी बाहेर येते. वरून ऐकू आलं, "काऊन तमाशा करून राहिली बे, मार ना!"

मी धावले आणि मारला. त्यांच्या गोलकीपरने झेप घेतली आणि बॉल बाहेर ढकलला.

बरोबरीत सुटली मॅच. पोरींनी मला उचललं, नाचवलं, पण माझं लक्ष कुठे होतं! डोक्यात एकच, आता हा माणूस कायमचा बाकावर. काय बोलायचं ते मनात जुळवत मी कठड्याकडे गेले. बाबा दोन-दोन पायऱ्या गाळत खाली येत होते.

"बाबा, हे बघा, तुमच्यामुळे..."

"मारायच्या आधी डावीकडे का बघितलंस?"

"काय?"

"डावीकडे बघितलंस! खांदाही तिकडेच झुकवलास. ती पोरगी तुझ्या आधी निघाली होती. मी बघितलं ना, या डोळ्यांनी बघितलं! आंधळ्यानेही अडवला असता." बाबांचा चेहरा नुसता फुलला होता. "तुझी चूक आहे. शंभर टक्के तुझी. माझा काडीचाही संबंध नाही!"

"ऐकलंस?" आई लाडू पुढे करत म्हणाली. "काडीचाही नाही."

कठड्यावरून वाकून मी बाबांच्या गळ्यात पडले. इस्त्रीच्या शर्टाचं पोतेरं झालं. आयुष्यात इतकी बोलणी मी खाल्लीत, पण अशी गोड कधीच लागली नाहीत.

घरी जाताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये बाबा अखंड बोलत होते. मी कुठे पास चुकवला, कुठे उशिरा धावले, सगळं. मधेच विचारलं, "तो घसरत जाऊन बॉल काढलास, तसं नेहमी करायचीस?"

"नेहमी, बाबा."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. क्लेमेंटी आल्यावर म्हणाले, "पुढची मॅच कधी?"

"बाबा, ही शेवटची होती."

"ती देशाची. आपली कधी?"

आता रविवारी सकाळी आम्ही ईस्ट कोस्टला, समुद्राकाठच्या बागेत जातो. आई झाडाखाली डबा उघडते. बाबा गवतात दोन चपला मांडून मधे उभे राहतात, गुडघे वाकवून, नजर माझ्यावर रोखून. मी डावीकडे बघते आणि उजवीकडे मारते. दर रविवारी फसतात आणि दर रविवारी ओरडतात, "बघ, शिकली की नाही माझी पोट्टी!"