मानपत्रातली खोडलेली ओळ

न्यायाधीशाचा गौरव करताना त्याच्यासमोर हरलेल्या माणसाला कुणी कधी विचारतं का? मी विचारलं नव्हतं. गुलाबपाण्याचा वास आला की मला आर्वीच्या कोर्टाचं ते अंगण आठवतं. स्वातंत्र्य नवं होतं आणि मी पत्रकं लिहिणारा तापट पोरगा होतो, म्हणून निवृत्त होणाऱ्या न्यायाधीशांचं मानपत्र वकिलांनी माझ्याकडूनच लिहून घेतलं. गुलाबपाणी शिंपडून झालं, हार पडले आणि मी ठसक्यात वाचलं, "आपल्या हातून निरपराधाला कधी शिक्षा झाली नाही." न्यायाधीशांनी हात वर केला. "ही ओळ खोडा," ते म्हणाले आणि त्यांनीच बोलावलेल्या एका गोंड म्हाताऱ्याला त्यांनी पुढे घेतलं. "यांना मी बैलचोरीत तुरुंगात पाठवलं. गुन्हा कबूल आहे का विचारलं, तेव्हा यांनी मान खाली घातली. मी तीच कबुली धरली. चोर दुसराच निघाला." म्हातारा जमिनीकडे बघतच म्हणाला, "मोठ्या मानसापुढं मान खालीच ठेवतो आमी, साहेब. तोंडानं बोल म्हनून काऊन नाई म्हटलं?" न्यायाधीशांनी गळ्यातला हार काढून त्याच्यापुढे धरला. "हार नको. माह्या गावात येऊन सांगजा, हा चोर नव्हता म्हनून." टाळ्या वाजवायला आलेले आम्ही सगळे खाली बघत राहिलो. न्यायाधीश त्याच्या गावी, रोहण्याला गेले आणि चावडीपुढे उभं राहून तसं बोलले. मी अजून मानपत्रं लिहितो, पण त्या ओळीपाशी लेखणी अडते. तुमच्या गावात कुणाचा सत्कार ठरला, तर मानपत्र लिहिण्याआधी त्याच्यासमोर हरलेल्या एका तरी माणसाच्या घरी जाऊन या.