दुखतं हे सांगायला मला पाच महिने लागले

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं, "पाठ कधीपासून दुखतेय?"

"दसऱ्यापासून."

"पाय कधीपासून जड झाले?"

"झाला असेल महिना-दीड महिना."

"लघवीवर ताबा आहे?"

मी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मग खाली मान घालून म्हटलं, "नाही. पंधरा दिवस झाले."

डॉक्टर म्हणाले, "पॉट्स स्पाइन दिसतोय. म्हणजे मणक्याचा टीबी. दोन मणके खराब झालेत, तिथे पू साचलाय आणि तो स्पायनल कॉर्डवर, मज्जारज्जूवर दाब देतोय. पायांना हुकूम त्याच दोरीतून जातो." मग त्यांनी आमच्या गावच्या डॉक्टरांचे जुने कागद उलटले. चारही कागदांवर एकच शेरा होता, पेशंटला बरं वाटतंय. "बाई, हे कोणी सांगितलं त्यांना?"

मी म्हटलं, "मीच."

मी शमीम. राजुऱ्यात आमचा गाद्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, तर एक रुई पिंजायचं मशीन, दोन खोल्या आणि आम्ही नवराबायको. हे रुई पिंजतात, मी गाद्या-रजया भरते आणि दाभणानं टाके घालते. वीस वर्षं वाकूनच गेली. त्यामुळे दसऱ्याला, ऐन रजयांच्या दिवसांत पाठ धरली, तेव्हा वाटलं, वाकून वाकून धरली असेल. आजार हत्तीच्या पावलानं येतो म्हणतात. माझा मुंगीच्या पावलानं आला, म्हणून मी त्याला ओळखलंच नाही.

गावच्या डॉक्टरांकडे चार वेळा गेले. दर वेळी ते विचारत, "कसं आहे आता?" आणि दर वेळी माझ्या तोंडून निघे, "ठीक आहे, अल्हम्दुलिल्लाह." आमच्याकडे हाल विचारला की हेच उत्तर देतात. ताप असो, घरात मयत असो, आधी अल्लाचे आभार मानायचे. ते चांगलंच आहे, मी आजही तेच म्हणते. पण डॉक्टर बिचारे ते ऐकून लिहीत गेले की गोळ्या लागू पडल्या. त्यांचा काडीचा दोष नाही.

नुसती सवय असती तर एक वेळ चाललं असतं. पण मला खरंच वाटत होतं की दुखणं बोलून दाखवलं की सब्र तुटतो, सबुरी संपते. लहानपणापासून ऐकलेलं, की मोमिनाला, अल्लाला मानणाऱ्याला, काटा जरी टोचला तरी त्याच्या बदल्यात गुनाह माफ होतात. माझ्या डोक्यानं त्यातून असं काढलं की जितकं गुपचूप सोसू तितके जास्त गुनाह माफ. म्हणजे मी कण्हलेसुद्धा नाही. हे बाजूच्या खोलीत, त्यांनाही पत्ता नाही.

माघाच्या थंडीत पायांना मुंग्या यायला लागल्या. चालताना चप्पल पायातून कधी निसटली ते कळेना. मग लघवीचं सुरू झालं. ते तर कोणाला सांगायचं? नमाजाआधी हात-तोंड-पाय धुवायचे, तो वजू. तो करून जानमाजवर, नमाजाच्या चटईवर, उभी राहीपर्यंत कपडे खराब व्हायचे. परत वजू, परत तेच. शेवटी मी नमाजच सोडली. ह्यांनी विचारलं तर म्हणायची, पढून झाली. एक खोटं लपवायला दुसरं.

आणि एका सकाळी कारखान्याच्या उंबऱ्यावर पडले, ती उठलेच नाही. ह्यांनी उचलून गाडीत घातलं. राजुरा ते चंद्रपूर रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांनी केलेले खड्डे मी जन्मभर बघत आलेय, पण त्या दिवशी एकेक खड्डा पाठीनं मोजला. तरी तोंड बंद. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा.

चंद्रपूरच्या दवाखान्यात भरती केलं. पाठीतून सुईनं तुकडा काढला, त्याला बायोप्सी म्हणतात. त्यात टीबी पक्का झाला. एकेटी सुरू झाली, म्हणजे टीबीच्या चार औषधांचा कोर्स. त्यातल्या एका गोळीनं लघवी नारिंगी होते. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, तेव्हा मला वाटलं आता रक्तच गेलं. तुमच्यावर वेळ आली तर घाबरू नका, ते गोळीनंच होतं.

डॉक्टर रोज येऊन पायांची पॉवर बघत. शून्य ते पाच असे आकडे असतात. पाच म्हणजे धडधाकट. माझा डावा पाय दोनवर होता, म्हणजे गादीवर सरकायचा पण उचलला जायचा नाही. उजवा चारवर. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "औषधांवर थोडे दिवस बघू. ताकद वाढली तर ठीक. जरा जरी कमी झाली तर नागपूरला ऑपरेशन, नाहीतर पाय कायमचे जाऊ शकतात. मी दिवसातून एकदा येतो. मधे काही बदललं तर लगेच सांगायचं. तुम्ही सांगाल तरच मला वाट बघता येईल."

मी मान हलवली.

शेजारच्या खाटेवर सावली तालुक्याकडची कमलाबाई होती. तिचे लोक तळ्यात मासे धरणारे. तिचं कमरेचं हाड मोडलं होतं आणि ती दिवसभर ओरडायची. "मेली वं माय! अवं सिस्टरबाई, मले मारून टाक पन हे थांबव!" मला मनातून तिचा राग यायचा. वाटायचं, काय ही बाई, जराही सबूर नाही. पण सिस्टर धावत यायची, इंजेक्शन द्यायची आणि कमलाबाई दहा मिनिटांत घोरायला लागायची. मी जागी.

एकदा तिनंच मला पकडलं. "काऊन वं, तुले दुखत नाई का?"

"दुखते."

"मंग चूप काऊन बसून राह्यली? बक्षीस भेटते का?"

आता हिला काय सांगू, की हो, भेटते म्हणूनच बसलेय.

भेटायला येणाऱ्यांनी माझं डोकं आणखी फिरवलं. एकजण म्हणाली, गुनाह झडून राह्यले तुझे, पानगळीत सागाची पानं झडतात तसे. मी मनात गुनाह मोजायला बसले. जावेशी भांडले होते, एका गिऱ्हाइकाच्या गादीत जुनी रुई मिसळली होती, चुगल्या तर मोजायच्याच नाहीत. पण त्यासाठी दोन मणके? दुसरी म्हणाली, अल्लाची ज्याच्यावर मोहब्बत असते त्यालेच तो आजमावते. माझ्या तोंडावर आलं होतं, "मंग तुमच्यावर काऊन नाई?" गिळलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, म्हणजे चार दिवसांवर रमजान आणि डॉक्टरांनी रोजे बंद केलेले. नमाज गेली, आता रोजेही. मला एकच प्रश्न खात होता: मोहब्बत आहे म्हणून दुःख दिलं असेल, तर मग आपल्याच दारातून मला बाहेर का काढलं? त्या दिवसांत माझं ईमान डळमळलं, हे लिहिताना आजही लाज वाटते, पण खरं ते खरं.

भरती होऊन सहावा दिवस. डॉक्टर सकाळी तपासून गेले आणि दुपारी माझा उजवा पाय बधिर व्हायला लागला. आधी अंगठा, मग घोटा. सिस्टर तापाचा आकडा लिहायला आली, म्हणाली, "ठीक ना?" आणि मी म्हटलं, "ठीक." ऑपरेशनची भीती होतीच. पण त्याहून जास्त असं वाटलं, की चला, जे त्याला घ्यायचंय ते घेऊ दे.

तेवढ्यात रझिया खाला आली. खाला म्हणजे मावशी, साऱ्या मोहल्ल्याचीच; ती तिथल्या मुलींना अरबी पढायला शिकवते. मलाही तिनंच शिकवलं. नवरा लकव्यानं नऊ वर्षं खाटेवर होता, त्याचं सगळं तिनं हातानं केलं. ती स्टुलावर बसली, माझ्या पायावर हात ठेवला आणि म्हणाली, "कसी आहेस?"

"ठीक, अल्हम्दुलिल्लाह."

"ते अल्लाले सांगितलं. मले सांग."

मला रडू फुटलं. नमाजचं सांगितलं, लघवीचं सांगितलं, मोहब्बतीचा प्रश्न विचारला. उजव्या पायाचंही सांगून टाकलं. म्हटलं, खाला, मी सब्र करतेय आणि तो एकेक काढूनच घेतोय.

खाला रागावली. आवाज चढला तिचा, कमलाबाई जागी झाली. "इतके वर्स शिकवली तुले, सगळं वाया! बिमारी सोसनाऱ्या अय्यूब नबीचं नाव घेतेस नं सब्रासाठी? त्यायनं काय तोंड शिवलं होतं? त्यायनं अल्लालेच हाक मारली, की मले त्रास होऊन राह्यला अन् तू सगळ्यात जास्त रहम करणारा आहेस. काटा टोचला तं गुनाह माफ होते, खरं आहे. पन काटा काढू नोको, असं कोनं सांगितलं तुले?"

खालानं स्टूल आणखी जवळ ओढलं.

"अल्लावर नाराज होऊन गावभर बोंबलनं, ते बेसब्री. डॉक्टरले दुखनं सांगनं, ते खबर देनं आहे. दवा करा, हे आमच्या हुजूरनंच, पैगंबरायनंच सांगितलं. अन् नमाज? लघवी थांबत नाई त्याले माजूर म्हनते, त्याले सूट असते. दर वक्ताले एक वजू कर अन् पढ, कपडे खराब झाले तरी होते. उठता नाई येत तं लेटून, मानेनं इशारा कर. अन् बिमार मानूस तब्येतीत जे करत होता, ते त्याच्या नावानं लिहिलं जातेच. तुले दाराबाहेर कोनी नाई काढलं, तूच बाहेर जाऊन बसली."

"पण मलाच का, खाला?"

"ते मले नाई माहीत. गुनाह धुवाले, का दर्जा वाढवाले, का आजमावाले, हे त्याले माहीत. तुह्या शेजारनीयले तं मुळीच नाई माहीत. माह्या मालकाचे नऊ वर्स मीही विचारलं. विचारता येते. तो ऐकते." मग दाराकडे तोंड करून तिनं अशी हाक मारली की सगळा वॉर्ड वळला, "सिस्टर! इचा दुसरा पाय चालला! डॉक्टरले बोलवा!"

डॉक्टर आले. टाचणीनं पायाला टोचून बघितलं, पाय उचलायला लावला. उजवा पाय आता तीनवर होता. त्यांनी विचारलं, "कधीपासून?" मी पहिल्यांदा सगळं क्रमानं सांगितलं: केव्हा अंगठा, केव्हा घोटा, किती दुखतं, कुठे दुखतं, लघवी किती वेळा. ते लिहीत गेले. संध्याकाळच्या आत ॲम्ब्युलन्स लागली. कमलाबाई खाटेवरून ओरडली, "बोंबल वं तिथी! लाजू नोको!"

नागपूरला दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. पू काढला, कॉर्डवरचा दाब काढला, मणक्यांना रॉड आणि स्क्रू लावले. शुद्धीवर आल्यावर मी पहिल्यांदा म्हटलं, "दुखते हो, लय दुखते." सिस्टरनं सलाइनमधून औषध सोडलं आणि मी झोपले. एवढं सोपं होतं ते.

तेराव्या दिवशी उजव्या पायाचा बधिर अंगठा हलला. डावा पाय उचलायला महिना लागला. लघवीचा ताबा हळूहळू आला. अठरा महिने गोळ्या घेतल्या, एकही चुकवली नाही. पाठीला पट्टा, आधी वॉकर, मग काठी. नमाज आधी लेटून पढले, मग खुर्चीवर बसून. लोक म्हणायचे, कमी सवाब, कमी पुण्य थोडीच आहे खुर्चीवर. मला माहीत होतं. पण मला कपाळ जमिनीला टेकवायचं होतं. ती ओढ सांगून समजणार नाही.

शेवटच्या तपासणीत डॉक्टरांनी नवा एक्स-रे बघितला, मला पट्ट्याशिवाय चालायला लावलं आणि म्हणाले, "मणके जुळलेत. टीबी बरा झाला. काही विचारायचंय?"

मी म्हटलं, "सजदा करू का?" त्यांना कळलं नाही. मी टेबलावर पंजा ठेवून वाकवून दाखवला. ते हसले नाहीत, नीट विचार केला. "गुडघ्यांवर जोर घेऊन, हळू. उठताना कोणाचा तरी हात घ्या."

हे वाचणाऱ्यांमध्ये कोणी माझ्यासारखी तोंड शिवून बसलेली असेल, कोणत्याही धर्माची, तर बाई, तुझा सब्र तुझ्यापाशी ठेव, पण डॉक्टरला खरं सांग. मलाच का, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही आणि आता त्याची घाईही नाही.

त्या दिवशी घरी आले, वजू केला, असरची, दुपार कलल्यावरची नमाज उभ्यानं बांधली. लक्ष ठेवायला हे मागे उभे. गुडघे टेकले, हात टेकले आणि दीड वर्षानं कपाळ जमिनीला लागलं. मागायचं काही सुचलंच नाही. नुसती पडून राहिले. इतका वेळ, की ह्यांचा जीव घाबरला. नमाज पढणाऱ्याशी बोलायचं नसतं हे त्यांनाही ठाऊक, तरी राहवलं नाही. "शमीम? उठता येऊन नाई राह्यलं का?"

मी बाकीची नमाज बसूनच पुरी केली, सलाम फेरला, आणि बसल्या जागेवरून म्हटलं, "नाई येत. दुखते. हात द्या नं जी."